पंखावरची चंदेरी पट्टी आणि ‘तांत्रिक कारणास्तव’ उशीर

खिडकीची सीट मिळालेली असते, बाहेर पंख दिसत असतो आणि त्यावर कुणीतरी चंदेरी चिकटपट्टी लावलेली असते. असे फोटो व्हॉट्सॲपवर सतत फिरतात आणि खाली ठरलेला प्रश्न असतो: विमानं आता सेलोटेप लावून उडवतात का? प्रश्न रास्त आहे. ती पट्टी ॲल्युमिनियमची असते, तिला स्पीड टेप म्हणतात आणि विमानाचे भाग जोडून ठेवण्याचं काम तिच्याकडे कधीच नसतं. जिथे भार येत नाही अशा ठिकाणचा रंग निघाला किंवा एखाद्या पॅनेलच्या कडेचं सीलंट गेलं, तर पाणी आणि वारा आत शिरू नये म्हणून पक्की दुरुस्ती होईपर्यंत ती लावतात. बोइंग ७८७ च्या पंखांवर ती पुष्कळदा दिसते. हे पंख कार्बन फायबरचे आहेत आणि उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्यावरचा रंग सुटून पोपडे निघतात. पट्टी कुठे आणि कशी लावायची हे ठरवून दिलेलं असतं. लावणाऱ्या इंजिनिअरला तिची नोंद करून खाली सही करावी लागते.

विमानाच्या दुरुस्तीबद्दल समजून घ्यायचं तर सुरुवात या सहीपासून करावी.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं विमान कोसळलं आणि जमिनीवरच्या लोकांसकट २६० जणांचा जीव गेला. त्यानंतर आपल्याकडे विमानात बसणाऱ्याची नजरच बदलली. एसी चालेना, खुर्ची मोडलेली निघाली, इंजिनाचा आवाज वेगळा वाटला, की पोटात गोळा येतो. या भीतीला कुणी हसू नये. पण कोणत्या गोष्टीला घाबरायचं आणि कोणती सोडून द्यायची, हे कळलं तर प्रवास बराच सुसह्य होतो.

बिघाड असताना विमान उडतं कसं?

प्रत्येक विमानासोबत एक टेक लॉग असतो, कुठे जाडजूड वही तर कुठे टॅबलेट. उड्डाणात काही खटकलं तर कॅप्टन त्यात लिहितो. या क्षेत्रातली माणसं अशा नोंदीला ‘स्नॅग’ म्हणतात. विमान उतरलं की परवानाधारक इंजिनिअर, म्हणजे एएमई, ती नोंद वाचतो. आता त्याच्यापुढे दोनच रस्ते असतात: दुरुस्ती करून सही करायची, किंवा नियमात बसत असेल तरच ती पुढे ढकलायची. सही झाल्याशिवाय विमान हलत नाही.

पुढे ढकलायची सवलत ‘एमईएल’ नावाच्या यादीतून मिळते. विमानातली कोणती वस्तू बंद असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येईल, याची ही यादी. विमान बनवणारी कंपनी आणि तिच्या देशातले नियामक मिळून मूळ यादी ठरवतात. प्रत्येक एअरलाइन तिच्या आधारे स्वतःची, तितकीच किंवा जास्त कडक यादी करते आणि डीजीसीए, म्हणजे आपल्या देशातल्या हवाई वाहतुकीच्या नियामकाकडून मंजूर करून घेते. काही बिघाडांना ३ दिवसांची मुदत असते, काहींना १०, काहींना १२०, आणि काहींची मुदत यादीतच वेगळी लिहिलेली असते. पंख, चाकांचा सांगाडा, चालू इंजिन अशा गोष्टी या सवलतीत येतच नाहीत.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, कॉकपिटच्या काचेचा एक वायपर चालत नाही. कोरड्या दिवशी त्याने काही अडत नाही, म्हणून यादी परवानगी देते, पण निघण्याच्या आणि उतरण्याच्या विमानतळाजवळ पाऊस नसावा या अटीवर. जानेवारीत मुंबईहून निघणारं विमान या वायपरसकट बिनधास्त जाईल. तेच विमान जुलैत गेटवरच उभं राहील आणि आत बसलेली दीडशे माणसं म्हणतील, कालपर्यंत तर बरं चालत होतं! विमान कालच्याइतकंच चांगलं आहे, आज पाऊस आहे एवढाच फरक. त्याचप्रमाणे एका इंजिनाचा रिव्हर्सर (उतरल्यावर वेग कमी करायला मदत करणारा भाग) बंद असेल तर तो कुलूपबंद करून उडता येतं, मात्र धावपट्टीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. बर्फरोधक यंत्रणा बंद असेल तर बर्फ धरणाऱ्या ढगांत जायचं नाही. बंद वस्तूजवळ बहुतेक वेळा एक छोटं लेबल लावतात, त्यावर ‘इनॉप’, म्हणजे ‘बंद आहे’, असं लिहिलेलं असतं. टॉयलेटच्या दारावर किंवा सीटच्या दिव्यापाशी ते दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की हा बिघाड कुणाच्या तरी सहीने वहीत गेलेला आहे.

यादी चांगली आहे म्हणून ती वापरणारे नेहमी चांगलं वागतात असं मात्र नाही. जुलै २०२२ मध्ये देशात विमानांच्या बिघाडांच्या घटना वाढल्या तेव्हा डीजीसीएने अचानक तपासण्या केल्या. बिघाडाचं मूळ कारण नीट न शोधणं, एमईएलवर विमानं सोडण्याचं वाढतं प्रमाण आणि विमानतळांवर योग्य परवान्याच्या इंजिनिअरांची वानवा, हे त्यात समोर आलं. मग बी-१ (इंजिन आणि यांत्रिक भाग) किंवा बी-२ (इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) परवाना असलेल्या एएमईनेच विमान सोडावं, असा आदेश निघाला. म्हणजे ‘बिघाड लिहून पुढे ढकलत राहतात’ ही प्रवाशांची तक्रार निव्वळ कल्पनेतली नव्हती. नियामकाने सतत मानगुटीवर बसलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

‘तांत्रिक कारणास्तव’ म्हणजे त्या दोन तासांत काय होतं?

आधी बिघाड खरा आहे की सेन्सरने खोटी हाक दिली, हे शोधतात. त्यासाठी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करतात, कधी आख्ख्या विमानाची वीज घालवून परत देतात. दिवे जाऊन येतात ते त्यामुळे. सुटा भाग लागला तर तो त्याच विमानतळाच्या स्टोअरमध्ये असेलच असं नाही. नाशिक किंवा कोल्हापूरसारख्या ठिकाणी तो बहुधा पुढच्या विमानाने मागवावा लागतो. बसवल्यावर चाचणी, मग कागदपत्रं. भाग बदलायला वीस मिनिटं आणि बाकीच्याला दीड तास, हे नेहमीचंच.

या वेळेत प्रवाशांना काहीच न सांगणं ही एअरलाइन्सची वाईट सवय आहे. ‘ब्रेकचा एक सेन्सर चुकीचं दाखवत होता, तो बदललाय, आता चाचणी चालू आहे’ असं कॅप्टनने दोन वाक्यांत सांगितलं तर निम्मी भीती तिथेच जाते. काही कॅप्टन आवर्जून सांगतात. सगळ्यांनी सांगायला हवं.

तुमचा हक्कही माहीत असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे खाणंपिणं द्यावं लागतं. उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातली निवड तुमची. दाद मिळाली नाही तर ‘एअरसेवा’ या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

भीती बाळगावी ती चुकलेल्या दुरुस्तीची

२ जून १९७८ ला जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपटी ओसाकाला उतरताना धावपट्टीवर घासली. शेपटीजवळ केबिनमधला हवेचा दाब अडवून धरणारी घुमटासारखी भिंत असते, तिला इजा झाली. बोइंगच्या माणसांनी ती दुरुस्त केली, पण जोडपट्टी एकसंध बसवायची ती दोन तुकड्यांत बसली. भार रिव्हेटांच्या दोन ओळींनी पेलायचा तो एकाच ओळीवर पडू लागला. बाहेरून सगळं ठाकठीक दिसत होतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी एका जागी तुटते, तशी ती भिंत प्रत्येक उड्डाणात थोडी फुगत आणि परत बसत राहिली. अशी बारा हजारांवर उड्डाणं झाली. १२ ऑगस्ट १९८५ ला ती फुटली, शेपटीचा पंख आणि सगळी हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमान वळवणारी यंत्रणा, गेली. ५२० माणसं मेली, चौघी वाचल्या.

अमेरिकेत ५ मे १९८३ ला मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानाच्या तिन्ही इंजिनांतून तेल गळून गेलं. आदल्या रात्रीच्या कामात तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या डिटेक्टरला लावायच्या रबरी रिंगा तिन्ही ठिकाणी राहून गेल्या होत्या. इंजिनं एकामागून एक बंद पडली, एक कसंबसं पुन्हा सुरू झालं आणि विमान मायामीला परतलं. सगळे १७२ जण वाचले. २००१ च्या ऑगस्टमध्ये एअर ट्रान्सॅटचं विमान अटलांटिकवर इंधन गळून संपल्याने दोन्ही इंजिनं बंद झालेल्या अवस्थेत अझोर्स बेटांवर तरंगत उतरलं. गळतीचं कारण? इंजिन बदलताना बसवलेला, शेजारच्या नळीशी न जुळणारा एक भाग. आतले ३०६ जण जिवंत राहिले.

आजचे नियम अशा प्रसंगांतून आले आहेत. लांब समुद्रावरून जाणाऱ्या दोन-इंजिनी विमानात एकाच माणसाने एका वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही, म्हणजे एकाची चूक दोन्हीकडे जाणार नाही. विमान वळवणाऱ्या यंत्रणेला हात लावला तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासून सही करायची. हँगरमध्ये हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा कापलेली असते. काम संपलं आणि एक जागा रिकामी दिसली, तर पाना सापडेपर्यंत विमान सुटत नाही.

मोठी तपासणी पाहायला मिळाली तर अनेकांचा जीव भांड्यात पडेल. रोजच्या आणि महिन्यांच्या तपासण्या वेगळ्या. साधारण दीड-दोन वर्षांनी होणाऱ्या ‘सी चेक’साठी आणि त्याहून मोठ्या तपासण्यांसाठी विमान कित्येक दिवस हँगरमध्ये जातं. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने उभारलेला असा तळ आहे, तिथे एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेसचं काम चालतं. सर्वांत मोठ्या तपासणीत खुर्च्या, फरशीचे पत्रे, किचन, टॉयलेट सगळं काढून विमानाचा नुसता सापळा उरतो. डोळ्यांना न दिसणारे तडे अल्ट्रासाऊंड आणि विद्युतप्रवाहाच्या तंत्राने शोधतात. म्हणून ‘विमान किती जुनं आहे’ एवढ्याच प्रश्नाने फारसं कळत नाही. किती उड्डाणं झाली आणि शेवटची मोठी तपासणी कधी झाली, हे जास्त महत्त्वाचं.

केबिनमधली मोडतोड हा वेगळा विषय. फाटकी सीट, बंद स्क्रीन, लोंबणारं आर्मरेस्ट यावरून इंजिनाची अवस्था ठरत नाही, त्यांची कामं करणारी माणसं आणि मुदती वेगळ्या असतात. तरी एवढं भाडं घेऊन मोडकी खुर्ची देणं हा सरळ बेफिकीरपणा आहे, त्याची तक्रार जरूर करा.

आवाज, एसी, कान आणि धक्के

भारतात सर्वांत जास्त दिसणाऱ्या एअरबस ए-३२० मध्ये पंखाजवळच्या रांगांत बसलात, तर विमान गेटवरून निघताना किंवा उतरून गेटकडे येताना पायाखालून ‘घ्यांव-घ्यांव’ असा आवाज येतो. कुणी करवत चालवतंय किंवा तळघरात कुत्रं भुंकतंय असं वाटतं. या विमानात हिरवी, पिवळी आणि निळी अशा नावांच्या तीन हायड्रॉलिक यंत्रणा असतात. इंधन वाचवायला जमिनीवर एकाच इंजिनावर चालताना हिरवी आणि पिवळी यांच्या दाबात फरक पडतो. तो भरून काढायला पीटीयू नावाचा भाग आपोआप चालू-बंद होत राहतो. त्याचाच हा आवाज. दुसरं इंजिन पूर्ण चालू झालं की थांबतो. उड्डाणानंतर मिनिटभराने इंजिनांचा आवाज एकदम खाली येतो आणि विमान बुडतंय असं वाटतं, तेव्हा वैमानिकाने उड्डाणाचा जादा जोर कमी करून चढणीचा जोर ठेवलेला असतो.

जमिनीवर एसी रडतो याचं कारणही साधं आहे. बहुतेक विमानांत थंड करायची हवा आणि इंजिन सुरू करायची हवा एकाच ठिकाणाहून, शेपटीतल्या एपीयू नावाच्या छोट्या इंजिनातून येते. मुख्य इंजिन सुरू करताना ती सगळी तिकडे वळवतात, म्हणून मिनिटभर झरोके गप्प होतात. एपीयूच बंद असेल तर बाहेरच्या यंत्रावर भागवावं लागतं आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तापलेल्या विमानात ते पुरत नाही. सोबत म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि घुसमट होत असेल तर क्रूला बोलवा, ‘उड्डाण झालं की थंड होईल’ या उत्तरावर गप्प बसू नका. पावसाळ्यात झरोक्यांतून पांढरा धूर आल्यासारखा दिसतो, ती मात्र दमट हवा एकदम गार झाल्याने आलेली वाफ. तिला वास नसतो आणि ती क्षणात विरते.

विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीइतका ठेवतात. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. आठ हजार फूट म्हणजे २,४०० मीटरच्या वर. थोडक्यात, मुंबई-दिल्ली प्रवासात तुम्ही दोन तास कळसूबाईच्याही वर बसलेले असता. पोटातला वायू त्या दाबाला एक तृतीयांशाने फुगतो, म्हणून पोट गच्च वाटतं. हवाही अतिशय कोरडी असते, डोळे चुरचुरतात, घसा सुकतो. निरोगी माणसाला याने काही होत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कानात दडे बसतात ते जास्त करून उतरताना. नाकामागून कानाकडे जाणारी नळी हवा बाहेर सहज सोडते, आत घ्यायला मात्र कुरकुरते. सर्दी असेल तर ती सुजून बंदच होते. म्हणून खाली यायला लागल्यापासून आवंढे गिळा, जांभया द्या, नाक धरून अगदी हळू फुंकर मारा. बाळाला त्या वेळी पाजा. झोपलेल्याला उठवा, कारण झोपेत आपण फार कमी गिळतो.

हे साधं दुखणं. दाबच बिघडला तर गोष्ट वेगळी. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनला हवा पुरवणारं बटण चालू करायचं राहून गेलं. विमान चढत गेलं तसा दाब घटला, वरून मास्क पडले, १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं. तिथे यंत्र ठणठणीत होतं, माणसाचं लक्ष चुकलं. मास्क पडले तर आधी स्वतःला लावा, मग मुलाला. हातात फार थोडे सेकंद असतात आणि तुम्ही शुद्धीत राहिलात तरच मुलाला मदत होईल.

धक्क्यांना आपण ‘एअर पॉकेट’ म्हणतो. हवेत पोकळ खड्डे नसतात, वर-खाली वाहणारे प्रवाह असतात. शंभर फूट पडल्यासारखं वाटतं तेव्हा विमान बहुधा त्याहून खूपच कमी हललेलं असतं. पंख वाकतात, आणि ते वाकायलाच हवेत. बोइंग ७८७ च्या चाचणीत पंखावर उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार टाकला, तेव्हा त्याचं टोक सुमारे २५ फूट वर वाकलं आणि पंख शाबूत राहिला. धक्क्यांचा खरा धोका आतल्या माणसांना असतो. १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानात उतरताना बसलेल्या धक्क्यांनी अनेक जण जखमी झाले. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात म्यानमारवर असाच झटका बसला, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. पट्टा न लावलेला माणूस छतावर आदळतो. सीटबेल्टचा दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा लावलेलाच ठेवा. मळमळत असेल तर पंखाजवळची सीट घ्या, तिथे हेलकावे सर्वांत कमी.

दिसलं तर बोला

२८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं पुढचं छत २४ हजार फुटांवर फाटून उडालं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. बाकीचे उघड्या आभाळाखाली पट्ट्यांनी खुर्चीला धरून राहिले आणि विमान माउई बेटावर उतरलं. १९ वर्षांत त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती, तीही खाऱ्या हवेत. जोड सुटत चालले होते आणि कंपनीच्या तपासणीत ते पकडले गेले नाहीत. चौकशीत एका प्रवासी बाईंनी सांगितलं, की विमानात चढताना दाराजवळ आपल्याला पत्र्यात चीर दिसली होती. त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या.

पुढच्याच वर्षी, ८ जानेवारी १९८९ ला, लंडनहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या विमानाचं डावं इंजिन बिघडलं. वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं आणि घोषणाही उजव्याबद्दल केली. मागे बसलेल्या कित्येकांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या. वैमानिकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं समजून सगळे गप्प राहिले. विमान केगवर्थजवळ पडलं, ४७ जण गेले.

कॉकपिटमधून पंखांचा आणि इंजिनांचा बराचसा भाग दिसतच नाही. तुम्हाला दिसतो. त्यामुळे इंधनाची धार, ज्वाळा, सुटून फडफडणारा पत्रा, जळका वास, केबिनमध्ये न विरणारा धूर, यातलं काही जाणवलं तर बेल दाबा आणि क्रूला स्पष्ट सांगा: काय दिसलं, कितव्या रांगेतून, तोंड पुढे करून बसल्यावर डाव्या हाताला की उजव्या, आणि कधीपासून. पायलटपर्यंत हे पोचवा, असं शब्दांत म्हणा. चंदेरी पट्टीबद्दल विचारलंत तरी चालेल, तिची नोंद टेक लॉगमध्ये असते. पण पट्टीचं एक टोक सुटून वाऱ्यावर आपटत असेल, तर विमान जमिनीवर असतानाच सांगा, म्हणजे उड्डाणाआधी इंजिनिअरला बोलावता येईल.